वर्ष वाया जाईल

तर मंडळी, झालं असं की गेल्या महिन्यात धाकटी नात पुण्याहून दोन दिवसांसाठी साताऱ्याला आली ती तीन कागद घेऊनच. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. रात्री जेवणं उरकली, टेबल पुसून झालं आणि तिने ते तीन कागद पत्त्यांसारखे माझ्यासमोर मांडले.

पहिला कागद उन्हाळी सुट्टीतल्या तीन आठवड्यांचा. प्राध्यापकांबरोबर जायचं, चार शहरं बघायची, सकाळी व्याख्यान, दुपारी म्युझियम आणि शेवटी एक प्रमाणपत्र. दुसरा कागद तिच्या कॉलेजच्या करारातला. तिसऱ्या वर्षातले सहा महिने जर्मनीतल्या एका विद्यापीठात काढायचे, फी इथल्याच कॉलेजला भरायची, राहण्याजेवण्याचा खर्च आपला. तिसरा म्हणजे एका एजंटाचं गुळगुळीत माहितीपत्रक. आत्ता कुठेही जाऊ नका, इथली पदवी पूर्ण करा आणि मग बँकेचं कर्ज काढून दोन वर्षांच्या मास्टर्सला जा. माझा मुलगा तिसऱ्या कागदाच्या बाजूने. "सहा महिन्यांत काय होतंय? जायचं तर नीट जावं." सूनबाई दुसऱ्याच्या बाजूने, कारण कर्जाचा आकडा तिने बघितला होता. नात कोणाच्याच बाजूने नव्हती. ती म्हणाली, "आजी, तू इतिहासवाली. तू सांग."

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, आजी आता पुस्तकं काढून बसणार. ते खरंच होतं, पण मुदत मागण्याचं कारण दुसरं होतं. हा प्रश्न मला आयुष्यात याआधी एकदा विचारला गेला होता आणि मी त्याचं उत्तर एका मिनिटात देऊन टाकलं होतं.

ते साल १९९१. मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होते. माझ्या हाताखालून दहावी झालेली एक मुलगी तेव्हा अकरावीत होती. हुशार, वक्तृत्वात पुढे, इंग्रजी बेताचं पण बोलायला न घाबरणारी. एका मंडळाच्या योजनेतून तिची एक वर्ष परदेशात जाण्यासाठी निवड झाली होती. तिथल्या कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं आणि वर्षाने परत यायचं. पदवी नाही, गुणपत्रिका नाही. वडील एका पेढीवर हिशेब लिहायचे. तिकिटाचे पैसे जमवायची त्यांची तयारी होती. ते मुलीला घेऊन संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसं करू." मी चहा ठेवता ठेवता सांगून टाकलं, "अहो, बारावीच्या तोंडावर कशाला? वर्ष वाया जाईल." चहा झाला, ते गेले, मुलगीही गेली नाही.

हे मी विसरूनही गेले होते. सहा-सात वर्षांपूर्वी त्या बॅचचा मेळावा झाला तेव्हा ती भेटली. आता तिचं स्वतःचं दुकान आहे, बरं चाललंय. गप्पांच्या ओघात हसत हसत म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात ना बाई, म्हणून राहिले." तक्रार नव्हती हो त्यात. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनात राहिलंय.

असो. आता पुस्तकांकडे वळते.

परदेशी शिक्षण म्हटलं की आमच्या पिढीच्या मराठी माणसाला आधी आनंदीबाई जोशी आठवतात. मी बी.ए.ला असताना 'आनंदी गोपाळ' वाचून रडले होते. पण रडण्याच्या भरात एक गोष्ट निसटली होती, ती आत्ता पुन्हा चाळताना लक्षात आली. आनंदीबाई अमेरिकेला 'गेल्या' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण कुठे जायचं, कोणाच्या आधाराने आणि कोणत्या अटीवर हे ठरायला जवळजवळ पाच वर्षं लागली. गोपाळराव पोस्टात कारकून. कोल्हापूरला असताना त्यांनी एका मिशनऱ्यामार्फत अमेरिकेला पत्र पाठवलं, की पत्नीला शिकवायचं आहे, मदत मिळेल का. उत्तराचा रोख असा की ख्रिस्ती व्हाल तर बघू. हा झाला पहिला 'प्रोग्रॅम'! शिक्षण मिळेल, पण त्याच्या बदल्यात धर्म द्यायचा. जोशी दांपत्याने तो नाकारला. तो पत्रव्यवहार तिकडच्या मिशनरी मासिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्या दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या आणि समोर पडलेलं मासिक सहज उघडलं होतं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. मग तीन वर्षं दोघींची पत्रं चालू राहिली. एकमेकींना न पाहताच नातं जुळलं, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

दुसरा मार्ग इथेच होता. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश मिळत होता आणि निरनिराळ्या प्रांतांत सुईणीचे वर्ग होते. मग सातासमुद्रापलीकडे कशाला? हा प्रश्न त्यांना लोकांनी इतक्यांदा विचारला, की २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजच्या सभागृहात उभं राहून त्यांनी जाहीर उत्तर दिलं. वय १७, भाषा इंग्रजी. लोकांचे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का, तिकडे काही बरंवाईट झालं तर काय, आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मीच का करावं. मद्रासबद्दल त्यांचं म्हणणं असं, की तिथलं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत. आपल्या घरातली चर्चा मला आठवली. जायचं का आणि किती पैसे, या दोन प्रश्नांपलीकडे आम्ही गेलोच नव्हतो.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. उन्हाळा कार्पेंटरबाईंच्या घरी काढला आणि मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज १८५० साली खास स्त्रियांसाठी निघालेलं. एरवीच्या वैद्यक महाविद्यालयांत बाईला उभं करत नसत, म्हणून जगभरच्या मुली इथे येत. १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली ओळीने बसल्या आहेत. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गमावलेल्या आईने निवडलेला हा विषय.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झालेली होती. पण क्षय घेऊनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. तिथली थंडी, जेवणाचे हाल, अभ्यासाचा ताण, सगळ्यांनी मिळून ते केलं असणार. कॉलेज योग्य होतं, विषय योग्य होता, माणसंही जिवाला जीव देणारी होती. शरीराचा विचार मात्र कोणी केला नाही, त्यांनी स्वतःही नाही. मुलगा म्हणतो तसं 'नीट जाणं' यालाच म्हणायचं ना? पूर्ण तीन वर्षं, पूर्ण पदवी. म्हणून नातीच्या दुसऱ्या कागदावर मी पेन्सिलीने पहिली खूण केली ती राहण्याच्या जागेसमोर. सेमिस्टर हिवाळ्यात सुरू होणार आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंची गोष्ट अगदी निराळी. 'स्त्री धर्म नीति' हे पुस्तक लिहून त्यातून प्रवासाला हातभार लावून त्या १८८३ मध्ये लहानग्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येतं म्हणून वैद्यकाचा नाद सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवलंही. अमेरिकेला आल्या त्या एका समारंभापुरत्या, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. तिथे त्यांनी काय केलं? पदवी नाही घेतली. बालवाडीची, म्हणजे किंडरगार्टनची पद्धत शिकल्या, शाळा पाहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मदतीसाठी बॉस्टनला मंडळी उभी केली. आजच्या भाषेत याला काय म्हणायचं, अभ्यासदौरा? आमच्या घरात असा कागद कोणी मांडला असता तर 'नुसतं फिरणं' म्हणून बाजूला गेला असता. आणि त्या फिरण्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. आनंदीबाईंच्या पदवीला त्याच दिवशी तीन वर्षं झाली होती. त्या शारदा सदनात गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या बाया कर्वे.

कर्व्यांच्या घरावरून रँग्लर परांजपे आलेच. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, कर्व्यांच्या नात्यातले, शिक्षणात त्यांचाच आधार मिळालेले. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणितात सीनिअर रँग्लर झाले. पुण्यात तेव्हा पेढे वाटले गेले असतील. पण मला त्यांच्या यशापेक्षा त्यांचं परतणं मोठं वाटतं. जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता की परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवीन. विलायतेतून आलेल्या त्या योग्यतेच्या माणसाला सरकारात कितीतरी पगार मिळाला असता. ते १९०२ मध्ये आले आणि अल्प वेतनावर प्राचार्य झाले.

ही सरकारी शिष्यवृत्ती सगळ्यांनाच मिळत होती असं नाही बरं का. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी. परीक्षेत पहिल्या आल्या, शिष्यवृत्तीवर हक्क झाला आणि उत्तर आलं की ती पुरुषांसाठी आहे. मग इंग्लंडमधल्या काही बायकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी!

आता ज्यांच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला ते डॉ. आंबेडकर. आम्हा सातारकरांना त्यांचं थोडं जास्तच अगत्य, कारण ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा इथल्याच शाळेत दाखल झाला. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मी वर्गात दरवर्षी सांगत असे, की सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब अमेरिकेला गेले. एका वाक्यात संपवत असे. प्रत्यक्षात त्या शिष्यवृत्तीची गोष्ट मुलांना सांगायलाच हवी होती.

१९१३ सालच्या त्या शिष्यवृत्तीत दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि बदल्यात लेखी करार की परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. बाबासाहेब तेव्हा २२ वर्षांचे. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत गेलेले, घरी रमाबाई. जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात नाव घातलं. तिथली रीत अशी की आपल्याला हवे ते विषय निवडता येत. या माणसाने मुख्य विषय अर्थशास्त्र घेतला, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अगदी फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळखही करून घेतली. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक. १९१५ मध्ये एम.ए. झाले, मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध एका चर्चासत्रात वाचला. पुढे त्याच वर्षी लंडनला गेले, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्हीकडे नाव घातलं. आणि इथे शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडनच्या विद्यापीठाने एक उपकार केला. चार वर्षांच्या आत परत आलात तर पुढे चालू करू, अशी परवानगी दिली. परतीच्या वाटेवर पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या जहाजाने पाठवल्या होत्या. महायुद्ध चालू होतं, ते जहाज पाणतीराने बुडालं.

कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कोलंबियाचा एम.ए., आणि बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी सरायीत नाव बदलून राहिले, ते कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली. पुढचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, मी काय सांगू! करार लिहिताना दहा वर्षांची नोकरी लिहिली होती, पण त्या दहा वर्षांत हा माणूस कोणाच्या घरात राहील हे कोणी लिहिलं नव्हतं. करार मोडणं त्यांच्या मनात नव्हतं, गावाने मोडायला लावला.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ मध्ये प्राध्यापकी धरली, पैसा पैसा मागे टाकला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या कोलंबियातल्या पारशी मित्राने कर्ज दिलं, आणि चार वर्षांची मुदत संपायच्या आत, १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला हजर! यावेळी बाँड नाही, मालक नाही. अर्धपोटी राहून वाचनालयात दिवस काढले. १९२१ मध्ये एम.एस्सी., मग बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हातात आली ती १९२७ मध्ये. म्हणजे एका माणसाच्या परदेशी शिक्षणात किती प्रकार झाले बघा. संस्थानची बाँडची शिष्यवृत्ती, मग अर्धवट राहिलेला अभ्यास, मग स्वतःची बचत अधिक कर्ज अधिक देणगी. आपण फोटोखाली नुसत्या पदव्यांची ओळ छापतो.

बरं, निवडलेलं ठिकाण चुकलं तर? मालवणकडचे गोविंद सदाशिव घुर्ये १९२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला समाजशास्त्र शिकायला गेले. पाठवणारे होते पॅट्रिक गेडिस. लंडनला मन रमेना, शिकवणं पटेना. त्यांनी सरळ बस्तान हलवून केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे नेलं. मला या गोष्टीचं फार नवल वाटलं. आम्हाला कोणी घेतलेली साडी दुकानात परत नेऊन बदलायला शिकवलं नाही, आणि हे विद्यापीठ बदलून आले!

घुर्यांचीच विद्यार्थिनी इरावती कर्वे. लहानपणी त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या आणि लग्न होऊन महर्षी कर्व्यांच्या घरी आल्या. महाराष्ट्रातली सगळी शिकलेली मंडळी एकाच ओसरीवर बसलेली असावीत असं कधीकधी वाटतं. १९२८ मध्ये त्यांना बर्लिनला जायचं होतं. आणि विरोध कोणी केला, तर खुद्द महर्षींनी! बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचलेल्या माणसाला सुनेचं परदेशी जाणं पटेना. पण नवरा दिनकर, स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला, ठाम राहिला. डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि त्या गेल्या. महर्षींना मी नावं ठेवत नाही. १९९१ ची ती संध्याकाळ आठवली की ठेवू शकत नाही.

बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वावर गाढ विश्वास असलेले. त्यांची संस्था पुढे नाझी राजवटीत बदनाम झाली. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवट्यांच्या दोन बाजूंमधला असमतोल, आणि अपेक्षा अशी की त्यात गोऱ्या वंशाचं काही वेगळेपण निघेल. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. वेगळेपण निघालं नाही आणि त्यांनी तसंच लिहून दिलं. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, ज्याच्या हातात पदवी आहे त्याच्याच मताविरुद्ध! १९३० मध्ये पीएच.डी. घेऊन त्या परतल्या.

ही सगळी मोठी माणसं झाली. पण नातीच्या दुसऱ्या कागदासारखं, म्हणजे पदवी आपल्याच कॉलेजची आणि मधला काही काळ परदेशात, हे कोणी सुरू केलं? हे मला ठाऊक नव्हतं, नातवाकडून शोधून घेतलं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात रेमंड कर्कब्राइड नावाचे फ्रेंचचे प्राध्यापक होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये राहून आलेले. भाषा शिकायची तर मुलांनी पदवीचं तिसरं वर्ष तिथेच काढावं, आणि ते वर्ष पदवीत धरावं, असं त्यांनी सुचवलं. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा अध्यक्षांनी बाहेरून देणग्या जमवल्या. जुलै १९२३ मध्ये आठ मुलं जहाजाने फ्रान्सला गेली. आधी नान्सी गावात भाषा पक्की केली, मग पॅरिसला शिकली. त्या वर्षी बाबासाहेब लंडनचं शिक्षण आटोपून परतले होते, आणि तिकडे ही आठ मुलं निघत होती.

यातली खरी मेख आहे 'ते वर्ष पदवीत धरावं' ही. ती किती मोठी आहे हे सोफिया कोराडी या इटालियन बाईंच्या गोष्टीवरून कळतं. त्या रोममध्ये कायदा शिकत होत्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर १९५७-५८ हे वर्ष त्यांनी न्यूयॉर्कला काढलं आणि कोलंबियातून (पुन्हा कोलंबियाच!) कायद्याची मास्टर्स पदवी घेतली. परत आल्यावर रोमच्या विद्यापीठात कागद दाखवला की हे माझ्या अभ्यासात धरा. धरलं नाहीच, वर चारचौघांत हसं केलं. फिरून आलीस, आता अभ्यासाला लाग, अशा थाटात. थोडक्यात काय, वर्ष वाया! त्यांनी ते अपमानाचं वर्ष मनात धरून ठेवलं. १९६९ पासून त्या कुलगुरूंना, मंत्र्यांना टिपणं देत राहिल्या, की परदेशात शिकलेलं आपल्या विद्यापीठाने मानलं पाहिजे. १९८७ मध्ये युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. नंतर ती संख्या लाखांवर गेली. सोफियाबाईंना तिकडे लोक 'मम्मा इरॅस्मस' म्हणू लागले.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. रोमच्या त्या कारकुनाच्या जागी मला मीच दिसत होते. फरक इतकाच की मी चहा दिला होता.

आठ दिवसांनी नातीचा फोन आला. मी कागद समोर घेऊन बसले आणि उत्तर न देता विचारत गेले. सहा महिन्यांचे गुण इथे धरले जातील हे कोणी तोंडी सांगितलंय की लेखी? आपल्याकडे क्रेडिट साठवण्याची सोय २०२१ पासून झाली आहे म्हणतात, पण तुझ्या विद्यापीठात कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता विषय धरणार, त्याचा कागद आहे का? तिथले तास जर्मनमध्ये असतील की इंग्रजीत? खोली विद्यापीठ देणार की तू शोधायची? आजारी पडलीस तर? आणि मास्टर्सच्या कर्जाला तारण काय, तर आमचं हे घर, ते तुझ्या बाबांनी तुला सांगितलंय का? इथे पलीकडून आवाज आला नाही. सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिने पुन्हा फोन केला. लेखी पत्र मागितल्यावर कॉलेजने पाचपैकी तीनच विषय धरायचं कबूल केलं, उरलेले दोन परत आल्यावर द्यावे लागतील. मुलगा लगेच म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना!" नात म्हणाली, "दोन विषय म्हणजे दोन महिने, बाबा. देईन." तीन आठवड्यांच्या सहलीचा कागद तिने स्वतःच फाडला. मला त्याचं जरा वाईट वाटलं. रमाबाईंच्या हाती पडला असता तर त्यांनी त्यातूनही काहीतरी उभं केलं असतं. मास्टर्सचं पत्रक मुलाने कपाटात ठेवलंय, फेकलेलं नाही.

थंडीचे कपडे घ्यायला परवा सूनबाई आणि ती बाजारात गेल्या होत्या. मी माझ्या विद्यार्थिनीच्या दुकानाचा पत्ता दिला होता, ती लोकरीचं सामान ठेवते. कोणासाठी, कशासाठी हे तिने विचारलं असणारच. संध्याकाळी तिचा फोन आला. पैसे घेतले नाहीत म्हणून मी रागावले, तर म्हणाली, "बाई, माझी मुलगी यंदा बारावीला आहे. ती पण असलंच काहीतरी विचारत असते. पुढच्या रविवारी घेऊन येऊ का तुमच्याकडे?"

ये म्हटलं. रविवारी सकाळी दहाला येणार आहेत. कागद सगळे घेऊन ये, असं तिला सांगून ठेवलंय.